बाळाबाईची भवानी

मी मासे खात नाही. तरी कोल्हापुरात मासळी बाजाराच्या दारात लिंबू-कोथिंबीर विकत म्हातारा झालो. बाळाबाई मासळी घेऊन माझ्या समोरच बसते. तिच्याविषयी खरं तर दुसऱ्या कुणी चांगल्या लिहिणाऱ्यानं लिहायला हवं होतं.

तिची भवानी, म्हणजे सकाळची पहिली विक्री, बघण्यासारखी असते. आलेली नोट कपाळाला लावते, डोळे मिटते आणि मग सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशी ओरडते, "या पावणं, ताजं हाय!"

गेल्या महिन्यात सकाळीच अन्न खात्याची माणसं आली. बाहेर त्यांनी मासळीचा टेम्पो धरला होता. मासळी नासू नये म्हणून तिला फॉर्मालिन लावलेलं. प्रेतं टिकवतात ते औषध. त्यांच्यातल्या अधिकारी मॅडमनी आत येऊन विचारलं, "या टेम्पोतला माल कुणी घेतलाय?"

एरवी शिळं ताजं म्हणून विकणारा शेजारचा पृथ्वीराज म्हणाला, "आमचं समदं कालचं हाय, मॅडम."

बाळाबाईची सुरमई बर्फाखाली झाकलेली होती. मॅडम तिच्यापुढून निघूनही गेल्या होत्या. तेवढ्यात ती उठली.

"मॅडम, माझी त्यातलीच हाय. अख्खी पेटी."

"मावशे, गप बस की!" पृथ्वीराज दातओठ खात म्हणाला. "उद्या टेम्पोवाला तुला शेपूट तरी दील काय?"

"न्हाय दिलं तर न्हाय. तुझ्या पोरीला घालशील ह्ये?"



मॅडमनी तपासलं, तर कागदाच्या पट्टीचा रंग पालटला. पेटी जप्त झाली. प्रयोगशाळेसाठी एक मासा घेतला, त्याचे पैसे देण्याचा नियमच आहे म्हणे. मॅडमनी नोट पुढं केली, तशी बाळाबाई मागं सरली.

"नगं. ही माझी भवानी व्हायची."

"घ्यावेच लागतात, मावशी."

तिनं दोन बोटांत नोट धरली. हात कपाळाकडे गेला नाही.

मासळी मांडायचा पाट धुऊन त्या रिकाम्या पाटामागं ती जरा वेळ बसली. मग माझ्याकडे आली.

"आण्णा, ह्येची लिंबं द्या. हाताचा वास जात न्हाय. आन् ती नोट कपाळाला लावू नगासा. वंगाळ हाय."

मी लिंबं दिली. माझीही ती पहिलीच विक्री होती. ती पाठमोरी झाल्यावर मी नोट कपाळाला लावली. डोळे आपोआप मिटले.