पप्पांनी सांगितलेलं अंतराळ

माझ्या नवऱ्याचा मला सगळ्यात जास्त हेवा वाटला तो त्याला बढती मिळाली तेव्हा नाही, आणि माझ्या आधी त्याने गाडी घेतली तेव्हाही नाही. तो माझ्या वडिलांच्या दिवाणावर, डावीकडे, खिडकीच्या बाजूला मांडी घालून बसला होता तेव्हा. मोजेसुद्धा काढून ठेवले होते. समोर टीव्हीवर यान चाललं होतं, पप्पा त्याला काहीतरी समजावून सांगत होते आणि मी दारात सँडलचा पट्टा सोडवत उभी होते. दोघांपैकी एकानेही वळून बघितलं नाही.

ती जागा माझी होती. ते यानही माझं होतं.

मी जात्याच हेवेखोर. आई म्हणते, जन्मली तेव्हापासून शेजारच्या पाळण्याकडे बघत होती. पण या एका बाबतीत मला कुणाकडे बघावं लागलं नव्हतं. पप्पा पाटबंधारे खात्यात कारकून होते आणि आम्ही सरकारी वसाहतीत राहत होतो. गच्चीगच्चीवरून केबलची काळी वायर आमच्या इमारतीपर्यंत आली तेव्हा मी पाचवीत होते, मराठी शाळेत. रविवारी सकाळी विहारात वंदनेला जायचं, पांढरे कपडे घालून, आणि घरी येऊन कपडेही न बदलता टीव्ही लावायचा, कारण एका इंग्रजी चॅनेलवर तेव्हाच ती मालिका लागायची. मालिकेचं नाव सांगत नाही. एक यान, त्यावरची माणसं, आणि न संपणारं अंतराळ. ज्यांना ओळखायची ते ओळखतील. आमच्याकडे ती आली तेव्हाच तिला वर्षानुवर्षं झाली होती. पप्पा शाळेत होते तेव्हा ती सुरू झाली होती म्हणे, त्यामुळे आम्ही शिरलो ते थेट मधेच.

मला इंग्रजी येत नव्हतं. म्हणून पप्पा मला सगळं मराठीत सांगायचे, लगोलग, यानावरच्या माणसाचं तोंड मिटायच्या आत. यानाचा कप्तान म्हणजे साहेब. यानावरची डॉक्टर म्हणजे डॉक्टरीणबाई. वाकड्या कपाळाचे, हिरव्या रक्ताचे, दर आठवड्याला वाट अडवणारे जे कोणी असत, ते सगळे ठेकेदार. "साहेब म्हणतायत, पुढे धोका आहे, पण मंत्रालयातून आदेश आलाय, जावं तर लागणार." "ठेकेदार म्हणतोय, हे काम आमचंच, दुसऱ्याला हात लावू देणार नाही." दर काही वर्षांनी मालिकेतला कप्तान बदलायचा, तेव्हा पप्पा सांगायचे, साहेबांची बदली झाली. मला ते अगदी पटायचं. आमच्या वसाहतीतही तसंच व्हायचं.

वसाहतीतली मुलं बघायला येऊ लागली तेव्हा मी दाराला आतून कडी घातली. आई म्हणाली, "अंतराळ एवढं मोठं आहे, त्यात दोन पोरं मावत नाहीत होय?" नाही मावत, मी म्हटलं. पप्पांनीही कडी काढली नाही.

एक भाग मला सगळ्यात जास्त आवडायचा. एका लांबच्या ग्रहावर संदेशयंत्र सांभाळायला यानावरची एक तरुण मुलगी एकटीच मागे राहते. यान पुढे निघून जातं. मग साहेब तिच्याशी बोलतात. पडद्यावर तिचा चेहरा, मधेमधे खरखर. पप्पांच्या मराठीत साहेब तिला विचारायचे, "जेवलीस का?" आणि ती म्हणायची, "हो, साहेब." त्या ग्रहावर दगडांशिवाय काही नव्हतं. मी पप्पांना विचारलं, "ती खोटं बोलते ना?" पप्पा म्हणाले, "हो. पण साहेबांना कळलंय ते." तो भाग पुन्हा लागायचा तेव्हा मी श्वास रोखून त्या प्रश्नाची वाट बघायचे.

पुढे मी इंजिनिअर झाले आणि सगळ्यांच्या मुली लागत होत्या तशी मीही कॉम्प्युटर कंपनीत लागले. पप्पा निवृत्त झाले, आईने आणि त्यांनी कोथरूडला फ्लॅट घेतला. माझं लग्न झालं आणि आम्ही दोघंही शेजारच्याच गल्लीत राहायला गेलो, आमटीचं पातेलं गरम नेता येईल इतक्या जवळ. नवरा गाड्यांच्या कारखान्यात होता, दिवसपाळीला, संध्याकाळी वेळेवर घरी. तो इंग्रजी शाळेत शिकलेला. त्याचे वडील तो लहान असतानाच गेले. त्यामुळे 'पप्पा' हा शब्द त्याच्याकडे बरीच वर्षं नुसता पडून होता, आणि लग्नानंतर त्याने तो मोकळ्या हाताने वापरायला काढला. हे समजण्याइतकी अक्कल मला होती. पण समजलं म्हणून पोटात दुखायचं थांबत नाही.

कंपनीने मला काही महिने अमेरिकेला पाठवलं. पप्पा फोन करायचे आणि विचारायचे, "जेवलीस का?" मी वेफर्सची पिशवी मांडीवर ठेवून म्हणायचे, "हो." परत येताना तिथल्या दुकानात ती मालिका दिसली. सगळीच्या सगळी, पहिल्या भागापासून, डीव्हीडींचा एक जाडजूड खोका. मी बॅगेतले कपडे काढून ठेवले आणि त्या जागी तो खोका बसवला. डोळ्यांसमोर चित्र अगदी स्पष्ट होतं. दिवाण, पप्पा उजवीकडे, मी डावीकडे.

पहिल्या रविवारी नवराही आला. त्याने ती मालिका कधीच पाहिली नव्हती. नवख्या माणसाला कुठून सुरुवात करून द्यायची यावरून माझं आणि पप्पांचं वाजलं. मी म्हणत होते, एकटं राहणाऱ्या त्या मुलीचा भाग आधी दाखवू या, तो आवडला तर बाकीचं बघेल. पहिले भाग फार जुने. त्यातले खडक पुठ्ठ्याचे, कुणी टेकलं की हलतात म्हणे. पप्पा म्हणाले, "नाही. माणसाला ओळख करून द्यायची तर मुळापासून करून द्यावी." मला कुणी मुळापासून करून दिली होती? मी आपली मधेच चढलेले. पण जावयापुढे वाद घालायचा नाही म्हणून पहिलीच डीव्हीडी लावली.

पहिल्याच भागात खडक हलला. नवरा हसला. मला वाटलं, आता पप्पा चिडतील. पप्पा म्हणाले, "अहो, तेव्हा बजेट मंजूर झालं नसणार." दोघं मिळून हसले. मी एकटीच हसले नाही.

आणि मग माझे संध्याकाळचे कॉल सुरू झाले. आमची संध्याकाळ झाली की अमेरिकेतला क्लायंट जागा व्हायचा आणि त्याला माझ्याशी बोलायची हुक्की यायची. मी ऑफिसात कानाला हेडफोन लावून बसलेली आणि नवरा माझ्या माहेरी, माझ्या जागेवर, मी आणलेला खोका बघत बसलेला. आई त्याला गरम भाकरी वाढायची. मी घरी पोचेपर्यंत त्यांचे एकदोन भाग बघून झालेले असायचे आणि नवरा येऊन मला सांगायचा, मला, की पहिले साहेब कसे होते! त्या साहेबांना मी त्या एका भागापलीकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. रविवारी जेवताना पप्पा आणि तो भलत्याच कुठल्यातरी भागावरून एकमेकांना चिमटे काढायचे आणि मी वरणात भात कालवत बसायचे. एकदा पप्पा त्याला म्हणाले, "अरे, ते लोणचं इकडे सरकव." जावयाला एवढे दिवस अहो-जाहो करणारे पप्पा अरे-तुरेवर आले होते. आईला आनंद झाला. माझा तिळपापड झाला.

पण खरा घाव वेगळाच होता. त्या डीव्हीडींवर खाली इंग्रजीत अक्षरं यायची, कोण काय बोललं त्याची. ती नवऱ्याने लावून दिली होती. पप्पांचं इंग्रजी उत्तम. साऱ्या कार्यालयाचे मसुदे ते लिहायचे. पण ते इंग्रजी डोळ्यांचं होतं. कानाने ऐकायचा प्रसंग त्यांना नोकरीत कधी आलाच नाही. आता अक्षरं समोर आली आणि पप्पा जे उजळले! चष्मा वर करून वाचायचे आणि म्हणायचे, "अरेच्चा, हा असं म्हणतो होय!"

असं म्हणतो होय? मग इतकी वर्षं तो काय म्हणत होता?

एका रविवारी मी विचारलंच. "पप्पा, म्हणजे तुम्हाला तेव्हा कळत नव्हतं?"

"कळायचं की. अर्धं कळायचं."

"अर्धं?" आई आतून म्हणाली. "पाव म्हणा."

"मग बाकीचं?"

"बाकीचं तोंडाकडे बघून सांगायचो," पप्पा म्हणाले आणि पुन्हा टीव्हीकडे वळले.

त्या दिवशी मी घरी येऊन नवऱ्याशी भांडले, गॅसची शेगडी नीट पुसली नाही म्हणून. शेगडीचा काही दोष नव्हता. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं. याला खरी मालिका मिळाली, मुळापासून, शब्द न् शब्द. मला मिळालं ते पाव खरं आणि पाऊण पाटबंधारे खातं. आणि हे सगळं त्याच्या हाती दिलं कुणी, तर मीच, बॅगेतले कपडे काढून ठेवून. मंत्रालय नव्हतं, ठेकेदार नव्हते, साहेबांची बदली नव्हती. मग पप्पांच्या शेजारी बसून मी बघितलं तरी काय? आणि पप्पांना आता ते पुन्हा बघायचंही नव्हतं, कारण त्यांना जास्त चांगलं मिळालं होतं, आणि सोबतही जास्त चांगली.

ते दोघं पुढे सरकत सरकत माझ्या भागाशी येऊन पोचले त्याच सुमारास अमेरिकेत कसलीशी सुट्टी आली. कॉल नव्हता. मी डबा उघडायच्या भानगडीत न पडता काम उरकलं आणि दिवे लागायच्या आत कोथरूड गाठलं. दारात सँडलचा पट्टा सोडवत उभी राहिले ती हीच वेळ. पडद्यावर तो ग्रह होता. ते दगड. यान निघून चाललं होतं.

नवरा म्हणाला, "पप्पा, हाच ना तो? हिने सांगितलं होतं बघा. ते तिला जेवलीस का विचारतात, तो."

मी त्याला ते कधीतरी सांगून बसले होते, लग्न नवं असताना. आता जीभ चावून काही उपयोग नव्हता.

पडद्यावर साहेब बोलले. खाली अक्षरं आली. ती मीही वाचली. साहेब तिला यंत्राचा कुठलासा आकडा विचारत होते. ती मुलगी तो आकडा सांगून मोकळी झाली. बस, एवढंच.

नवऱ्याने रिमोटने चित्र थांबवलं, मागे नेलं, पुन्हा लावलं. पुन्हा आकडाच. "पप्पा, हा तर तसं काहीच विचारत नाही. जेवणाचं कुठं आहे यात?"

मला तिथून निघून जावंसं वाटलं. पप्पा आता चष्मा वर करून हसतील, अरेच्चा म्हणतील, आणि तेवढंही संपेल.

पप्पा हसले नाहीत. म्हणाले, "यात नाहीये ते."

"मग?"

"ते मी घातलेलं. मराठीतलं."

नवरा सावरून बसला. "मग मलापण मराठीतलंच सांगा ना, पप्पा. एवढे दिवस नुसती अक्षरं वाचत बसलोय आपण."

"तुला कशाला? तुला कळतं की इंग्रजी," पप्पा म्हणाले. "ते हिच्यापुरतं होतं."

इतक्या सहज म्हणाले, जसं 'तो डबा हिचा आहे' म्हणावं. आणि मग मी नवऱ्याचं तोंड पाहिलं. ते तोंड मला चांगलंच ओळखीचं होतं, मी ते आरशात पाहत आले होते. त्याला माझा हेवा वाटत होता. मनापासून, सणसणीत. त्याला वडील नाहीत, दया यायला हवी होती मला. आली नाही. इतकं बरं मला पगारवाढ झाली तेव्हाही वाटलं नव्हतं.

मी पर्स कोपऱ्यात टाकली आणि त्याला म्हटलं, "सरक."

तो उठून खुर्चीवर गेला नाही, पण सरकला. मी मधे घुसून बसले, पप्पांच्या डाव्या हाताला. रिमोट घेतला, अक्षरं घालवली, आवाज बंद केला आणि चित्र मागे नेलं. पडद्यावर त्या मुलीचा चेहरा आला. साहेबांनी तोंड उघडलं.

"जेवलीस का?" पप्पा म्हणाले. टीव्हीकडेच बघत होते.

पुढचं वाक्य मला पाठ होतं. नवराही कान देऊन थांबला होता.

"नाही, साहेब," मी म्हटलं.

पप्पांनी आईला हाक मारली.