ताई, जरा अ‍ॅडजस्ट कर

मुलीच्या केळवणाला मी माझ्या सख्ख्या बहिणीला मोबाइलच्या टॉर्चने औक्षण करायला लावलं. लावलं मीच. त्यात हॉटेलवाल्याचा दोष नाही, साडूंचाही नाही. साडूंनी फक्त मोबाइल पुरवला.

‘अ‍ॅडजस्ट’ या शब्दावर खापर फोडता येईल, पण तीही पळवाटच. आम्हा डोंबिवलीकरांना हा शब्द बारशापासून लागतो. शेअर रिक्षात मागे तिघं बसलेली असताना रिक्षावाला चौथ्याला पुढे स्वतःच्या मांडीशी बसवतो, तेव्हा त्याचा अर्थ ‘श्वास कमी घ्या’. शिंप्याने म्हटलं तर ‘शिवण चुकली आहे’. चष्मेवाल्याने म्हटलं तर ‘नंबर चुकला असेल, पण आता तो तुमचा’. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ‘तुमची गाडी रस्त्यावर लावा’. लग्नाच्या बाजारात मुलगी अ‍ॅडजस्ट करणारी हवी असते. मुलाबद्दल हे मी अजून ऐकलेलं नाही. आणि मी स्वतः म्हणतो तेव्हा अर्थ असा, की मला भांडण नको आहे, तेव्हा तुम्ही सोसा.

झालं असं, की लग्न तोंडावर आलं आणि बरीच केळवणं उरली. ताई मोहन्याला राहते. भावजी कामाला होते तो कारखाना बंद पडला तरी ती दोघं तिथेच राहिली. लग्नाआधी भाचीला घरी बोलवायचं, पाटावर बसवून ओवाळायचं, जेवू घालायचं, हे तिने भाचीच्या जन्मापासून ठरवलेलं. शेजारणींनाही सांगून झालेलं. मी फोन करून म्हटलं, मेव्हणीचं आणि तुझं केळवण एकत्रच करू, ठाण्यात, हॉटेलात, सगळ्यांनाच सोयीचं. ती म्हणाली, “बरं.” माझ्या बहिणीच्या ‘बरं’लाही पुष्कळ अर्थ आहेत. मी सोयीचा तेवढा घेतो.

हॉटेलात ती तबक, निरांजन, सुपारी, अंगठी असं सगळं पिशवीतून घेऊन आली. काडी ओढणार तोच वेटर धावत आला. वर धुराचा सेन्सर आहे, पाणी पडेल म्हणाला. ताई काडी हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. पलीकडच्या टेबलावर एक सिझलर इंजिनासारखा धूर सोडत होता. ते मला दिसलं होतं. मी बोललो नाही.

“ताई, जरा अ‍ॅडजस्ट कर ना,” मी म्हटलं.

साडूंनी टॉर्च लावून मोबाइल तबकात ठेवला. ताईने ओवाळायला सुरुवात केली आणि मध्येच त्यांना कुणाचा तरी फोन आला. तबक थरथरायला लागलं, रिंगटोन वाजली, सुपारी घरंगळत खाली गेली. सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने मी.

दुसऱ्या दिवशी ताईने कळवलं, की ती लग्नाला थेट हॉलवर येईल आणि अक्षता टाकून निघेल. म्हणजे हळदीला नाही. लेकीने ऐकलं आणि म्हणाली, “बाबा, आत्या नसेल तर मला हळद लावायची नाही. तुम्ही बघा काय ते.” मी ताईला ‘सॉरी’ लिहून हात जोडल्याचं चित्र पाठवलं. तिच्याकडून नुसता अंगठा आला.

मग मोहन्याला गेलो. ताईने दार उघडलं, बस म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली. भावजींनी पेपरातून डोकंही काढलं नाही.

“या मेव्हणे. मोबाइल खिशातच असू द्या, आमच्याकडे दिवे आहेत.”

चहा आला. मी वेटरपासून सुरुवात केली, मग सेन्सर, मग हॉटेलचे नियम. ताईने थोडा वेळ ऐकून घेतलं.

“सेन्सरचं राहू दे रे,” ती म्हणाली. “तू का हसलास?”

मी कप खाली ठेवला.

“हसलो नसतो तर ते थांबवावं लागलं असतं,” मी म्हणालो. “माझ्या सासरच्या माणसांसमोर मला तमाशा नको होता. तू काही बोलणार नाहीस हे माहीत होतं. दर वेळी तुलाच सांगतो ते त्यामुळेच. माझं चुकलं, ताई. तुझी हरकत नसेल तर पोरीला इथे घेऊन येतो. तू तुझ्या पद्धतीने ओवाळ तिला. मी बाहेर बसेन हवं तर.”