शिडीवाली कुणाची?

पार्सल आलं तेव्हा काचवाल्या बाई दुकानातच होत्या. दुकान चष्म्याचं. मागच्या खोलीत बसून बाई काचा घासायच्या आणि फ्रेममध्ये बसवायच्या. एकतीस वर्षं हेच काम केलं, म्हणून खरं नाव मागे पडून काचवाल्या बाई हेच नाव चिकटलं. मालकानं खोका आणून समोर ठेवला आणि म्हणाला, "घ्या, आलं तुमचं घबाड." बाईंनी हातातली काच अर्धवट घासलेली तशीच ठेवली आणि कात्री घेतली.

खोक्यात शिडीवाली होती. त्या रेकॉर्डचं कव्हरवरचं नाव चांगलं लांबलचक आहे, पण जॅझच्या रेकॉर्डी जमवणारी मंडळी तिला शिडीवालीच म्हणतात, कारण कव्हरवर पाच वादक एका लाकडी शिडीवर एकाखाली एक उभे आहेत. कुठल्याशा छोट्या कंपनीनं तिच्या तीनशे प्रती काढल्या आणि वर्षाच्या आत कंपनीचं दिवाळं वाजलं. मूळ टेप कुठे गेली ते देव जाणे. बाईंकडे एक प्रत होती, जवळजवळ नवी, आणि ती नवी राहिली याला कारण बाईंचा कडक संयम. दर वेळी सुई फिरली की खाच थोडी झिजते, म्हणून त्या ती वर्षातून दोनदाच लावायच्या. दुसऱ्या बाजूला क्लॅरिनेटवाला मध्येच थांबतो, कुणीतरी हसतं आणि तो पुन्हा उचलतो. ते हसू ऐकायला बाई सहा-सहा महिने थांबायच्या. आता नवी प्रत आली, म्हणजे रोज ऐका, दिवसातून चारदा ऐका, कोण विचारतंय!

ती पुन्हा निघावी म्हणून बाईंनी बावीस वर्षं या ना त्या कंपनीला पत्रं धाडली होती. उत्तर एकाही शहाण्यानं दिलं नाही. शेवटी गेल्या वर्षी एका नव्या कंपनीला ती काढायची हुक्की आली, नक्कल उतरवायला चांगली प्रत कुठेच मिळेना, आणि इतर कंपन्यांच्या जुन्या फायलींमधल्या त्या पत्रांचा माग काढत कंपनीचा माणूस बाईंच्या दारात येऊन उभा राहिला. बाईंनी एका पैची अपेक्षा न ठेवता रेकॉर्ड त्याच्या हातात दिली.

बाईंनी कव्हर उलटलं. खाली बारीक अक्षरांत त्यांच्या नवऱ्याचं नाव होतं, वडिलांच्या नावासकट, आधी कैलासवासी लावून. त्यांच्या दुर्मिळ संग्रहातून ही रेकॉर्ड मिळाली, त्यांच्या रसिकतेला वंदन, वगैरे. त्याखाली एक ओळ: संग्रहाची निगा राखल्याबद्दल त्यांच्या पत्नीचे आभार.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. निगा! म्हणजे फडकं मारायला ठेवलेली बाई. आणि रसिक कोण, तर ज्या माणसानं उभं आयुष्य क्लॅरिनेटला पिपाणी म्हटलं तो. माणूस वाईट नव्हता. बाईंच्या दुखण्यात त्यानं तीन महिने घर चालवलं होतं, ते त्या विसरल्या नव्हत्या. पण रेकॉर्ड लागली की तो पेपर तोंडासमोर धरायचा आणि दर पाच मिनिटांनी विचारायचा, "संपली का गं ती पिपाणी?" त्याला पत्ते आवडायचे. त्याला वंदन करायचं तर पत्त्यांच्या कॅटवर करा.

संध्याकाळी बाई घरी न जाता थेट लेकीकडे गेल्या. ईमेल, फोन, छापायचा मजकूर हे सगळं कंपनीनं लेकीशीच ठरवलं होतं, कारण बाईंना त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. लेक एका दवाखान्यात कागदपत्रं सांभाळायची. नुकतीच कामावरून आली होती.

बाईंनी कव्हर तिच्यापुढे टाकलं. "हे कुणाच्या डोक्यातून निघालं?"

लेक वाचून हसली. "किती छान छापलंय! मीच लिहून पाठवलं. तुला आवडेल म्हणून बोलले नाही."

"बाबांचा संग्रह?"

"मग कुणाचा?"

"माझा!"

लेकीला वाटलं, आई चेष्टा करतेय. मग तिनं आईचा चेहरा पाहिला. "अगं आई, असं काय करतेस? मी लहानपणापासून बघतेय. बाबा खुर्चीत बसून ऐकायचे आणि तू स्वयंपाकघराच्या दारात उभी असायचीस. तू रेकॉर्डी पुसायचीस, ते मी लिहिलंय की."

"दारात उभी राहून मी काय करत होते, असं वाटलं तुला?"

"मला वाटायचं, बाबांना काही हवंनको ते बघायला थांबतेस."

परक्यानं म्हटलं असतं तर त्यांनी त्याची खरडपट्टी काढली असती. ही पोटची पोर. प्लेअर त्या खुर्चीपाशी होता, कारण विजेचं बटण तिथेच होतं, एवढी साधी गोष्ट.

"आणि पत्रांखाली सही बाबांचीच होती," लेक म्हणाली. तिचाही आवाज आता चढला होता. "कंपनीवाल्यानं मला दाखवली. शेजारच्या काकूंना तू काय सांगायचीस, आठव. मी ऐकलंय. आमच्या ह्यांना नाद आहे, म्हणायचीस. मग मी काय वेगळं लिहिणार होते?"

ते मात्र खरं होतं. बाई तशाच उठल्या आणि चालत घरी निघाल्या.

वाटेभर त्या स्वतःलाच शिव्या घालत होत्या. पहिल्यांदा त्या खोटं बोलल्या ते वरच्या मजल्यावरची बाई आवाजाची तक्रार घेऊन आली तेव्हा. "काय करणार, आमच्या ह्यांना नाद आहे," असं तोंडातून निघून गेलं आणि ती बाई लगेच विरघळली. "पुरुषांना असतोच हो एखादा," म्हणाली, वर चहाला थांबली. पुरुषाचा तो छंद, बाईची ती थेरं. एकदा ही किल्ली सापडल्यावर बाईंनी ती सगळीकडे चालवली. अर्धी रजा हवी? ह्यांच्यासाठी रेकॉर्ड आणायचीय. सासू विचारतेय, पैसे कशात गेले? ह्यांनी मागवलीय. कंपनीला पत्र? बाईमाणसाचं कोण वाचणार, करा ह्यांची सही. नवऱ्याला सगळं ठाऊक होतं, तो हसायचा. फुकटचा मोठेपणा कुणाला नको असतो? आणि आता त्या खोट्यावर पक्की शाई चढली होती.

आठवड्यानं कंपनीचा माणूस आला. बारीक दाढी, गोड जीभ. शिडीवाली हातोहात खपत होती आणि त्याला आता टोपीवाली हवी होती, त्याच पाच जणांची दुसरी रेकॉर्ड. तिची धड प्रतही बाईंकडेच होती. लेकही आली होती, आईचा राग उतरला का ते बघायला.

"काकू, साहेबांच्या आत्म्याला केवढं समाधान वाटेल!"

"साहेबांचा आत्मा प्लेअर बंद झाल्यामुळेच शांत असेल. रेकॉर्डी माझ्या आहेत. पहिल्यापासून शेवटपर्यंत."

त्यानं लेकीकडे पाहिलं. लेकीनं मान खाली घातली आणि म्हणाली, "आईच्याच आहेत. माझी चूक झाली."

"अरेरे. मग पुढच्या वेळी दोघांचंही नाव टाकू," माणूस म्हणाला. "जोडीनं. तेही शोभून दिसेल."

"जोडीनं ऐकलं असतं तर जोडीनं छापलं असतं. माझ्या एकटीचं टाका. आणि पुढच्या वेळी नाही, आधी शिडीवाली दुरुस्त करा. किती उरल्यात?"

"गोदामात एकशे ऐंशी. पण छापलेलं आता कसं बदलणार?"

"वर चिठ्ठी चिकटवा."

"काकू, कव्हर विद्रूप होईल हो. जमवणाऱ्या लोकांना असलं चालत नाही."

"मी जमवणारी आहे. मला चालतं."

त्यानं नाना तऱ्हेनं घोळात घेऊन पाहिलं. टोपीवाली लोकांपर्यंत पोचली नाही तर केवढं नुकसान, एका ओळीपायी एवढं कशाला ताणायचं. ती निघावी असं त्यांच्याइतकं कुणाला वाटत होतं? पण रेकॉर्डींच्या कपाटाची किल्ली त्यांनी मुठीतून सोडली नाही. अखेर तो म्हणाला, चिठ्ठ्या छापून देतो, पण चिकटवायला माझ्याकडे माणूस नाही.

"मी येईन," बाई म्हणाल्या.

रविवारी त्या गोदामात गेल्या तेव्हा लेक दाराशी आधीच उभी होती. कुणी बोलावलं नव्हतं. लांब टेबलावर एकशे ऐंशी कव्हरं पालथी मांडलेली होती आणि बाजूला चिठ्ठ्यांचा गठ्ठा. मजकूर बाईंचा होता. त्यांचं नाव, आणि पुढे: यांनी ही रेकॉर्ड स्वतःसाठी घेतली आणि स्वतः ऐकली.

दोघी समोरासमोर बसल्या. बाईंचा हात कामाला सरावलेला, त्यांनी भराभर पंचवीस संपवल्या. लेकीची पहिलीच अजून समोर होती. चिठ्ठी बोटांत धरून ती बापाच्या नावाकडे बघत होती.

"आई, हे झाकायला हात होत नाही गं."

"मलाही गोड वाटत नाहीये. चिकटव."

"एक तरी राहू दे अशीच."

"नाही." बाईंच्या आवाजानं पलीकडचा हमाल वळून बघायला लागला. "तीस वर्षं माझं नाव झाकलेलं होतं, तेव्हा एकाचाही हात अडला नाही."

"मला माहीतच नव्हतं ना!" लेक रडवेली होऊन म्हणाली. "कुणी सांगितलं होतं मला?"

"मी नाही सांगितलं," बाई म्हणाल्या. सगळ्यात जास्त संताप त्यांना याचाच आला होता, आणि तो काढायला समोर कुणी नव्हतं.

लेकीनं डोळे पुसले, चिठ्ठी नावावर ठेवली आणि हळूच हात फिरवला.

"कोपरा उचललाय," बाई म्हणाल्या. "अंगठ्यानं दाब."

लेकीनं दाबला आणि दुसरं कव्हर पुढे ओढलं.