कूलरसकट लिहिलेला प्रोग्राम

शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट म्हणजे सिनियरकडून मागून आणायचा, वरचं नाव बदलायचं आणि परीक्षकांसमोर गंभीर चेहरा करून उभं राहायचं, अशी आमच्या अमरावतीच्या कॉलेजातली रीत होती. मला ती पटत नव्हती. मी पहिल्यापासून हट्टी. गाणं डोळ्यांना दिसेल असा प्रोग्राम मी स्वतः लिहिणार, असं भर वर्गात सांगून बसले. माइकमधून आवाज आत घ्यायचा, त्यातले खर्जाचे, मधले आणि वरचे सूर वेगळे करायचे आणि प्रत्येकासाठी पडद्यावर एक रंगीत पट्टी वर-खाली नाचवायची.

मैत्रीण म्हणाली, "काहून डोकं फोडून राहिली व? तयार भेटते ना!"

तयार मिळतो म्हणूनच तर मला तो नको होता.

परीक्षेआधीच्या सुट्टीत जठारपेठेतल्या आमच्या घरी बसून मी तो लिहिला. अकोल्याच्या उन्हाळ्यात कूलर बंद करून घरात बसायचा विचार शहाणा माणूस करत नाही. पण गाणं लावलेलं नसतानाही डावीकडच्या, खर्जाच्या पट्ट्या अर्ध्यावर उभ्या राहायच्या. ती कूलरची घरघर होती. मी ती एकदा मोजून घेतली आणि आत येणाऱ्या आवाजातून तेवढी वजा करून टाकली. पट्ट्या निमूट खाली बसल्या. मग आईला ज्वारीच्या रिकाम्या कोठीवर थाप मारायला सांगितलं.

"बाप्पा! हे तं माह्या हातासंगं नाचते!" आई म्हणाली, आणि फोडणीचं सोडून कोठीच बडवत बसली. पोळ्या त्या दिवशी मला लाटाव्या लागल्या.

परीक्षेला बाहेरच्या कॉलेजातून आलेले सर कडक होते. सकाळपासून एकाच साच्यातले प्रोजेक्ट बघून ते कावलेले होते, त्यांचा तरी काय दोष? पोरांची उत्तरं नीट ऐकू यावीत म्हणून त्यांनी लॅबमधला कूलर बंद करायला लावला होता. मला त्याचं काहीच वाटलं नाही. मी घाम पुसला आणि प्रोग्राम सुरू केला.

सरांनी टेबलावर थाप मारली. डावीकडच्या पट्ट्या ढिम्म. पुन्हा मारली, जोरात. तरी ढिम्म.

"कोनाकडून आणला?" सरांनी विचारलं.

"मी केला, सर."

"सगळे असंच सांगून राहिले सकाळपासून."

माझी कानशिलं तापली. नापास केलं असतं तर मी पुन्हा परीक्षा दिली असती, पण माझं काम दुसऱ्याचं ठरावं हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. मी पुन्हा पडद्याकडे वळले आणि तेवढ्यात खोली किती शांत आहे ते जाणवलं. घरघर नव्हतीच! माझा प्रोग्राम मात्र ती इमानदारीनं वजा करत होता, आणि त्यात सरांची थाप कापली जात होती.

"सर, कूलर लावा."

मागची पोरं फिदीफिदी हसली. "गरम होते काय?" सर म्हणाले.

मी सरळ जाऊन कूलरचं बटण दाबलं. "आता मारा थाप."

पट्ट्या उसळल्या.

"अकोल्यात बसून लिहिला, सर. घरचा कूलरही त्यात गेला," मी म्हणाले आणि सगळं समजावून सांगितलं.

सर खुर्चीत पुढे सरकले. "मंग आता कूलर बंद करून चालव. इथंच, माह्यासमोर."

मी बसले. सुरू झाल्यावर प्रोग्रामनं आधी खोली ऐकावी आणि तिथं जी घरघर असेल तीच वजा करावी, एवढा बदल करायचा होता. कुठली ओळ कुठे आहे हे मला शोधावं लागलं नाही. सरांचा चहा येऊन गार झाला. ते माझ्या मागे उभे राहून पडद्याकडेच बघत होते.

कूलर बंद केला, प्रोग्राम नव्यानं सुरू केला. सरांनी थाप मारली आणि डावीकडची पट्टी पडद्याच्या टोकाला जाऊन भिडली.

"मागून आणलेल्या प्रोजेक्टात अकोल्याचा कूलर नसते," सर मागच्या पोरांकडे वळून म्हणाले. "हा हिचाच आहे."

एवढंच मला ऐकायचं होतं. अभिमानानं ऊर भरून आला आणि मी तो अभिमान मुळीच लपवला नाही. पुढच्या पोराचा नंबर पुकारून झाला होता. पण सर दोन्ही हातांनी टेबल बडवत होते, आणि मी काही खुर्ची सोडली नाही.