अक्कांचा तळहात

माणसाचं तोंड बघून बोलणारे पुष्कळ भेटतात. माणसाचं डोकं मागून पाहून मगच त्याच्याशी बोलायचं की नाही हे ठरवणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. त्या आमच्या चामराजपेटेतल्या घरमालकीणबाई. त्यांचं मराठी घराणं त्या कानडी गावात किती पिढ्यांपासून होतं ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. अख्खी गल्ली त्यांना अक्का म्हणे. इस्पितळात लहान मुलांची फिजिओथेरपी करण्यात त्यांची सगळी नोकरी सरली. सवय मात्र सरली नाही. बसमध्ये पुढच्या सीटवरच्या अनोळखी गृहस्थाला त्या खुशाल विचारत, "लहानपणी एकाच कुशीवर झोपत होता काय हो?" वरचा मजला भाड्याने देताना मला नोकरीबद्दल चकार शब्द विचारला नाही. पाठमोरं उभं केलं नि म्हणाल्या, "मागून सपाट आहे. पण माणूस सरळ दिसतो. सरी, राहा." सरी म्हणजे कानडीत 'ठीक'.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. पुण्याहून बदली होऊन आलो तेव्हा आमची मुलगी तीन महिन्यांची होती. गावात ओळखीचं कुत्रं नाही. संध्याकाळी आम्ही तिघं एकमेकांची तोंडं बघत बसायचो. त्यातही मुलगी बघायची फक्त उजवीकडे. मान डावीकडे वळेचना, आणि डोकं मागून उजव्या बाजूला चपटं होत चाललेलं. आईने पुण्याहून मोहरीची उशी पाठवली होती. अक्कांनी ती टराटरा उसवली आणि मोहरी बायकोच्या ओंजळीत ओतली. "फोडणीला घे. डोक्याखाली काही नको." मग त्या पाळण्याकडे वळल्या. वारा लागू नये म्हणून मी हुशारीने त्याची डावी बाजू भिंतीला चिकटवली होती. "काय हो पुणेकर, पोरीनं डावीकडे काय भिंत बघायची? माणसं असतात तिकडंच बाळ वळतं!"

मुलीचं डोकं पायथ्याशी आलं, भिंत उजवीकडे गेली. अक्का रोज संध्याकाळी सहाला वर येत, "स्वल्प, अजून स्वल्प" करत दोन बोटांनी तिची मान वळवत. मुलगी जागी असली की पालथी, आणि समोर खुळखुळा घेऊन मीही पालथा. "बाळाचं ठीक चाललंय. तुमचंच पोट मध्ये येतंय."

वर्षाची होईतो मान वळली, डोकं गोल झालं. "झालं माझं काम," म्हणत अक्का खाली गेल्या. दुसऱ्या दिवशी सहाला कुणी आलं नाही. साडेसहाला मी खाली डोकावलो. अक्का जिन्याकडे तोंड करून बसल्या होत्या. घरात खुर्च्या चार, माणूस एक. "अक्का, मागून जरा चपटं वाटतंय हो," मी ठोकून दिलं. त्या लगेच वर आल्या. डोळे मिटून तळहात फिरवला. "होय. स्वल्प आहे. उद्या बघते."

ते स्वल्प तीन वर्षं पुरलं. मुलगी दोन वेण्या घालू लागली तरी तपासणी चालूच. मग माझी पुन्हा पुण्याला बदली झाली. निघताना अक्कांनी वेण्यांवरून हात फिरवला. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. "आता गोल आहे," म्हणाल्या. "जावा."

रिक्षा सुटली. फाटक डाव्या हाताला होतं, फाटकात अक्का. मुलीने मान डावीकडे वळवली, अगदी खांद्यापर्यंत, आणि वळण येईपर्यंत तशीच ठेवली.