टिपणिसांची दाद

राजाराम टिपणीस तोंड उघडायचे ते जेवायला, असं त्यांच्या सासुरवाडीची माणसं म्हणायची, आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती. गोदीच्या ऑफिसात त्यांनी जन्म काढला, पण साहेबाशी वाद नाही की शिपायावर आवाज नाही. घरीही तोच प्रकार. आमटी आवडली की वाटी पुन्हा पुढे यायची, त्यावरून कुंदाताईंनी काय ते समजायचं. त्या स्वतः टेलिफोन खात्यात ट्रंककॉल जोडून द्यायच्या. नागपूर, कोचीन, कलकत्ता, दिवसभर साऱ्या देशाची बडबड कानात. लाइनवर कितीही खरखर असो, पलीकडे माणूस आहे की नाही हे त्यांना लगेच कळायचं, आणि त्या बाबतीत खात्यात त्यांचं नाव होतं. संध्याकाळी मुलुंडला घरी आल्यावर मात्र नवऱ्याचं गप्प बसणं त्यांना बरं वाटायचं. माणूस समोर बसलेला आहे, बोलेल केव्हातरी, घाई काय आहे? घाई होती, हे शहाण्णव साली कळलं. पन्नाशी गाठता गाठता टिपणीस ऑफिसातल्या खुर्चीतच गेले.

घरात तेव्हा टेपरेकॉर्डर होता, कपाटभर कॅसेटी होत्या. रेडिओवरून भरून घेतलेली गाणी होती, शेजारच्या पोरीने म्हटलेली आरतीसुद्धा होती. टिपणीस कुठेच नव्हते. घरच्या माणसाचा आवाज कोण भरून ठेवतो? तो रोज असतोच.

एका ठिकाणी मात्र ते होते, आणि तेही एवढेसे.

टिपणिसांना वेड होतं जॅझ पियानोचं. मुलुंडच्या मध्यमवर्गीय घरात हे खूळ कुठून शिरलं असं लोक विचारायचे. शिरलं गोदीतून. बोटीवरचे खलाशी जुन्या रेकॉर्डी विकून जायचे, त्यातल्या दोन-चार यांच्या हाती लागल्या आणि माणूस कामातून गेला. एकोणऐंशी साली हॉबडे नावाचा अमेरिकन पियानोवादक मुंबईत आला, तेव्हा टिपणीस आणि त्यांचा ऑफिसातला मित्र दशरथ गुप्ते इस्त्रीचे शर्ट घालून फोर्टातल्या सभागृहात जाऊन बसले. कुंदाताईंची ड्यूटी होती, त्या गेल्या नाहीत.

सभागृह सुटाबुटातल्या लोकांनी भरलेलं. तिथली रीत अशी, की वादन चालू असताना ब्र काढायचा नाही आणि संपलं की बेताच्या टाळ्या वाजवायच्या. टिपणीस वाढले होते दादरच्या गाण्याच्या बैठकांत, वडिलांच्या मांडीवर. तिथे जागा लागली की दाद जाते, ती ठरवून देता येत नाही आणि अडवताही येत नाही. मध्यंतरानंतरच्या पहिल्याच चिजेत हॉबडेने एक ओळ अशी हळुवार वळवून सोडली, की सगळं सभागृह गार पडलं. आणि त्या शांततेत, जन्मात चारचौघांत न बोललेल्या टिपणिसांच्या तोंडून निघून गेलं, "वाऽ!"

चहूबाजूंनी शुक् शुक् झालं. पुढची बाई मागे वळून बघायला लागली. हॉबडेनेही मान वळवली, हसला, आणि तीच ओळ त्याने पुन्हा वाजवली, आपला गवई दाद मिळाल्यावर तीच जागा पुन्हा घेऊन दाखवतो तशी. त्याला कळलं होतं. सुटाबुटातल्या मुंबईकरांना कळलं नाही.

पुढे त्या कार्यक्रमाची रेकॉर्ड निघाली. एका लहानशा कंपनीने मोजक्याच प्रती काढल्या आणि कंपनी बुडाली. टिपणिसांनी आणलेल्या प्रतीत दुसऱ्या बाजूला ती चीज होती, ती ओळ होती, तिच्या शेपटाला तो "वाऽ!" होता आणि मागोमाग पुन्हा ती ओळ. कुंदाताई नवऱ्याला छळायला मुद्दाम ती बाजू लावायच्या. ते ठिकाण जवळ आलं की टिपणिसांचे कान लाल व्हायचे आणि त्यांना अचानक तहान लागायची. ते पाणी पिऊन परत येईपर्यंत कुंदाताई हसत बसायच्या. संसारात एवढं हसू खूप झालं, असं आपण म्हणतो. खूप होत नाही.

ते गेल्यावर पहिली काही वर्षं कुंदाताई फक्त श्राद्धाच्या दिवशी ती रेकॉर्ड लावायच्या. मग रविवारी लावू लागल्या. मग केव्हाही. सगळी चीज ऐकायची गरज नव्हती, सुई नेमकी त्या ओळीच्या आधी टेकवायची, "वाऽ!" ऐकायचं, सुई उचलायची, पुन्हा टेकवायची. सुई झिजली की ती तबकडी खाते, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. पाटा झिजला तर त्याला टाकी लावून घेता येते. तबकडीला टाकी लावणारा कोणी नसतो. त्या ठिकाणी हळूहळू खरखर शिरली, वाढत गेली, आणि एक दिवस खरखरच उरली. दुसरी प्रत त्यांनी खूप शोधली. चोरबाजारात एकदा नुसतं पाकीट मिळालं, आत कुठल्यातरी बँडची रेकॉर्ड.

तरी त्या लावत राहिल्या. खरखरीच्या खाली ते आहेत, याबद्दल त्यांना शंका नव्हती. लाइन खराब आहे, माणूस पलीकडे आहे. अशा हजार लाइनी त्यांनी जोडून दिल्या होत्या.

मागच्या वर्षी त्यांच्या भावाचा मुलगा निहार मालाडहून धावतपळत आला. तो तिथे कुठल्याशा ऑफिसात कॉम्प्युटरवर असतो.

"आत्या, बस आधी. ती तुझी हॉबडेची रेकॉर्ड आहे ना, ती परत येतेय."

"परत म्हणजे?"

"बाहेरची एक कंपनी आहे, जुन्या जॅझ पियानोवाल्या रेकॉर्डी रीमास्टर करून काढतेय. मुंबईच्या प्रोग्रॅमची ओरिजिनल टेप सापडलीय त्यांना. हाय रेझोल्यूशन गं! म्हणजे तुझ्या या तबकडीत होतं त्याच्या कितीतरी पट. काकांचा आवाज असा येईल ना, या सोफ्यावर बसून बोलल्यासारखा."

कुंदाताई सोफ्याकडे बघत राहिल्या. त्यावर वाळलेले कपडे पडले होते. त्यांनी उठून आधी ते उचलले.

कंपनीने इंटरनेटवर लिहिलं होतं, की त्या कार्यक्रमाबद्दल कोणाला काही माहिती असेल तर कळवावी. कुंदाताईंनी निहारला समोर बसवून लिहायला लावलं. दुसऱ्या बाजूची पहिली चीज, ती ओळ संपताना एका माणसाचा आवाज येतो, तो माझे पती राजाराम टिपणीस यांचा आहे, पटकन लक्षात येत नाही म्हणून मुद्दाम कळवते आहे. चार दिवसांनी उत्तर आलं, नोंद घेतली आहे, आपले मनापासून आभार. कुंदाताईंनी ते निहारकडून पुन्हा वाचून घेतलं. 'हा आवाज राहू द्या' एवढं एक वाक्य त्यांनी लिहायला सांगितलं नाही. सुचलंच नाही. निहारलाही नाही. आपल्याकडे मैफलीचं रेकॉर्डिंग निघतं तेव्हा कितीतरी लोकांचं 'वा', 'क्या बात है' त्यात असतं, तबलजीची 'हं' असते, कोणाचं तरी खोकणं असतं. दाद काढून टाकायची असते, हे मुळात कोणाच्या डोक्यात येणार?

वाट पाहण्यात वर्ष गेलं, आणि ते वर्ष त्यांचं चांगलं गेलं हे सांगायला हवं. गुडघे दुखत होते, इमारत पाडायची म्हणून सोसायटीत रोज भांडणं चालली होती, पण बाई खुशीत होत्या. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, आमच्या ह्यांचा आवाज येणार आहे. दूधवाल्यालासुद्धा सांगितलं. तो म्हणाला, "झकास!"

रेकॉर्डिंग आलं त्या रविवारी निहारने स्वतःचे स्पीकर आणून लावले. गुप्त्यांना बोरिवलीहून टॅक्सीने आणवलं. ऐंशीच्या घरातला माणूस, कानात मशीन, तरी दारातूनच ओरडला, "काय वहिनी, राजा बोलणार म्हणे आज! जिवंतपणी बोलला नाही लेकाचा!" कुंदाताईंनी ठेवणीतली साडी नेसली होती. त्यांना स्वतःलाच त्याची लाज वाटत होती, पण बदलली नाही.

निहारने चीज लावली. पियानो असा आला की गुप्ते दचकले. हातोडी तारेवर पडते ती ऐकू येत होती. हॉबडेच्या पायाखालचं पेडल उठताना होणारी कुरकुर, त्याच्या स्टुलाचा चरचराट, ओळ उचलण्याआधी त्याने नाकाने घेतलेला श्वास, सगळं. पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा तो परका माणूस मुलुंडच्या हॉलमध्ये धडधडीत श्वास घेत बसला होता. निहारने आत्याकडे बघून भुवया उडवल्या. आता बघ.

ओळ आली. वळली, हळू झाली, सुटली.

मग काहीच नाही. खरखर नाही, खोकला नाही, स्वच्छ, पुसून काढलेली शांतता. आणि त्यानंतर तीच ओळ पुन्हा. आता ती विनाकारण दोनदा वाजत होती.

"मागे घे रे," कुंदाताई म्हणाल्या. निहारने मागे घेतलं. पुन्हा मागे घेतलं. आवाज वाढवला, स्पीकर बदलून पाहिला, कानाला हेडफोन लावून बसला. हॉबडेचा श्वास ठेवला होता, टिपणिसांचा शब्द काढला होता.

गुप्त्यांना शांतता सोसवेना. भला माणूस, काहीतरी करायला हवं म्हणून त्यांनी छाती पुढे काढली आणि म्हणाले, "अहो वहिनी, मी शेजारीच होतो की. असं म्हणाला बघा तो, वाऽऽ!"

"असं नाही, भावजी."

"मग जरा वर होतं का? वाऽ!"

"अंहं. असं नव्हतं."

"बरं, मग कसं? तुम्ही म्हणून दाखवा."

कुंदाताईंनी तोंड उघडलं. निहार आणि गुप्ते दोघंही त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी तोंड मिटलं, पुन्हा उघडलं. काही आलं नाही. तो आवाज जाड होता की बारीक, खालून वर गेला होता की वरून खाली, शेवटी हसू होतं की नव्हतं, काहीच नाही. एवढी वर्षं त्यांना वाटत होतं की तो आपल्याला पाठ आहे. पाठ होती ती खरखर.

"चहा टाकते," असं म्हणून त्या आत गेल्या, आणि बराच वेळ आत राहिल्या. गॅस लागल्याचा आवाज काही आला नाही.

निहारने त्याच दिवशी कंपनीला खरमरीत लिहिलं. उत्तर फार सभ्य आलं. श्रोत्यांमधला तो व्यत्यय फारच पुसट होता, आमच्या लक्षातही आला नसता. तुम्ही नेमकी जागा दाखवलीत म्हणून काढता आला, त्याबद्दल पुन्हा आभार. मूळ टेपवरून उतरवून घेतलेलं कच्चं रेकॉर्डिंग बाहेर देता येत नाही, क्षमस्व. निहारला ते आत्याला सांगायचं नव्हतं. पण त्याला खोटं बोलता येत नाही, आणि तिने सरळ विचारलं.

"म्हणजे मीच दाखवून दिलं."

"आत्या, मी लिहिलं गं ते. तुझी काय चूक?"

"तू माझंच लिहिलंस," त्या म्हणाल्या. जाताना तो स्पीकर घेऊन गेला. राहू देऊ का म्हणून विचारायचाही त्याला धीर झाला नाही.

तो गेल्यावर कुंदाताईंनी जुनी तबकडी काढली, पदराने पुसली, फिरवली, आणि सवयीने सुई त्या ओळीच्या आधी टेकवली. नव्या पियानोपुढे हा पियानो केविलवाणा, पत्र्याच्या डब्यात वाजवल्यासारखा. ओळ आली, वळली, सुटली, आणि खरखर सुरू झाली. इतकी वर्षं त्या इथे पुढे वाकायच्या आणि खरखरीच्या खालून तो यायचाच, नेमका, वेळेवर. आज त्या वाकल्या. तिथे काय उरलंय आणि आपण मनाने त्यात काय घालत होतो, हे एकदा कळल्यावर पुन्हा घालता येत नाही. त्यांनी डोळे मिटले आणि नोकरीत ऐकायच्या तसं, सगळा जीव कानात आणून ऐकलं.

पलीकडे कोणी नव्हतं.