गुड मॉर्निंगची बाई

सरांनी व्हिडिओ थांबवला. नेमका आईवर.

आमच्या वर्गात भिंतीएवढा स्मार्ट बोर्ड व्हता. त्यावर माझी आई भिंतीएवढी झाली. पदर कमरंला खोचलेला, तोंड उघडं, दोन्ही हात कोपरापर्यंत रक्तानं भरलेले. पुढ्यात अडलेली मेंढी. कोकराचे पाय निम्मे बाहेर आलेले. आन् ह्या सगळ्याच्या अलीकडं मी. इस्त्रीच्या गणवेशात, हात बांधून उभी.

"चिल्ड्रन," सर म्हणले, "इज धिस अ होम ऑर अ स्लॉटर हाउस?"

वर्ग खिदळायला लागला. पोरींनी नाकाला रुमाल लावले, जसा काय बोर्डातनं वास येतोय. सर बी हसत व्हते. व्हिडिओ पुढं न्यायचं नाव न्हाय. तास संपेपर्यंत आई तशीच भिंतीवर.

सातवीत व्हते मी. बारामतीची इंग्लिश शाळा. आरटीईच्या सोडतीत नंबर लागलेला, म्हणून मी तितं. घर कऱ्हाटीच्या रस्त्याला, माळावर. धनगराचं. आज्याच्या वेळचं मेंढरांचं खांड राहिलं न्हवतं. आप्पा दुधाच्या टेम्पोवर जायचा, आई उरलीसुरली मेंढरं राखायची. सरांनी गृहपाठ दिला व्हता, आपल्या घराचा व्हिडिओ करा, इंग्लिशमधी बोला आन् वर्गाच्या ग्रुपवर टाका. आप्पाचा फोन बाजेवर तांब्याला टेकवून मी सारखी बोलायची, सारखी चुकायची. एकदाचं न अडखळता जमलं. मागं आई दिसती, मला ठावं व्हतं. त्यात लाजण्यासारखं काय हाय, हे सुचलंच न्हवतं. ते शाळेनं शिकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर स्टिकर आलं. तनिषनं केलेलं. तनिष म्हंजे संस्थेच्या ट्रस्टीचा पोरगा, माझ्याच वर्गातला. माझ्या व्हिडिओतनं आई तेवढी कातरून घेतलेली, रक्ताच्या हातासकट, आन् खाली चमकत्या इंग्लिश अक्षरात गुड मॉर्निंग. त्याच्याखाली डोळ्यातनं पाणी येईस्तोवर हसणाऱ्या तोंडांची रांग. त्यात एक तोंड सरांचं.

आप्पा चहा पीत फोन बघत व्हता. त्याला वाचता येत न्हाय. पण बायकूचं तोंड वळखलं गड्यानं.

"अगं ए, हिकडं ये! तुजा फोटू लावला की शाळंनं!"

आई चुलीपासनं उठून आली. फोन लांब धरून बघितला. लाजली. तोंडाला पदर लावून हसली. मला म्हणली, "काय लिवलंय गं?"

"राम राम घातलाय तुला."

"बरी हायत की गं पोरं," आई म्हणली.

मी दप्तर उचललं.

शाळेत गेले. दप्तर खाली ठेवलं. ट्रस्टीच्या पोराला वर्गात फोन चालायचा. तो बाकावर बसून तेच दाखवत व्हता सगळ्यांना. मी त्याचे केस धरले आन् तोंड बाकावर आपटलं. परत आपटलं. त्याचा ओठ फाटला, रक्त माझ्या बाहीवर उडालं. "मम्मी, मम्मी" वरडाय लागला तरी मी सोडंना. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? लई बरं वाटलं.

सर पळत आले. बोर्डाची काळी वायर उपसली आन् मला घेतलं झोडपून. मानंवर, पाठीवर, कानामागं. "मेंढरं राखा! मेंढरंच राखा तुमी!" दर फटक्याला हेच. मारत व्हते मला एकटीला आन् म्हणत व्हते तुमी. कातडं सोलून निघत व्हतं तरी हे माझ्या बरोबर ध्यानात आलं.

ऑफिसात आप्पाला बोलावलं. ट्रस्टी खुर्चीत, आप्पा दारात, टोपी हातात. आप्पानं काय झालं म्हणून इचारलं बी न्हाय. आल्या आल्या माझ्या थोबाडीत अशी दिली की मी कपाटावर आदळले. तितं सगळ्यांचा जीव थंड झाला.

"राहू द्या तात्या," ट्रस्टी म्हणला, "लेकरू हाय. आमी काय कसाई न्हाय."

मग अट सांगितली. मी इंग्लिशमधी माफी मागायची. त्याचा व्हिडिओ ग्रुपवर टाकायचा. न्हायतर दाखला घेऊन चालायला लागायचं.

आप्पानं हात जोडले. "मागंल साहेब. आत्ता मागंल."

मला वर्गात नेलं. सरांनी बोर्डावर माफी लिहिली, मोठ्या अक्षरात, सोप्या शब्दात. स्वतःचा मोबाइल स्टँडला लावला. मला मारलेली वायर परत बोर्डाला जोडलेली व्हती. आप्पा मागं उभा राहिला, पोरीची शाळा वाचली म्हणून खूश.

"स्टार्ट," सर म्हणले.

मी बोर्डाकडं बघितलंच न्हाय. कॉलर खाली ओढली, मान कॅमेऱ्याम्होरं केली. आन् गृहपाठाच्याच चालीवर बोलले.

"धिस इज माय नेक. सर हिट मी विथ दॅट वायर. द वुमन इन द स्टिकर इज माय मदर. यू ऑल लाफ्ड ॲट हर. आय ॲम नॉट सॉरी."

एक चूक न्हाय. सरांनीच शिकवलेलं ना.

सरांनी झडप घालून फोन उचलला, व्हिडिओ पुसला. दुपारच्या आत दाखला हातात.

गाडीवर निम्मी वाट सरली. आप्पा म्हणला, "काय बोललीस तू तितं?" मी मराठीत सांगितलं. स्टिकर कशाचं, तोंडं कशापायी हसत्यात, ते बी सांगितलं. त्यानं गाडी कडंला घेतली, मातीत बसला, स्वतःच्या तोंडात मारून घ्यायला लागला. मग खिशातनं फोन काढला आन् दगडावर हाणायला हात उचलला. मी मनगटाला चावले त्याच्या.

"फोडू नगंस! मी शिकणार त्याच्यावर!"

इंदापूरला मावशीकडं राहून शिकले. त्याच फोनवर इंग्लिश बातम्या, इंग्लिश भांडणं, इंग्लिश स्वयंपाक बघून जीभ वळवून घेतली. आता कॉलेज करते आन् वस्त्यांवरच्या पोरांना फोनवरच इंग्लिश शिकवते. पोरं घरचे व्हिडिओ पाठवत्यात. एका पोरीनं पाठीमागं चादर टांगली व्हती. मी वरडले, "काढ ती! आत्ता काढ!" घाबरली बिचारी. पण काढली. मागं तिचा बाप बैल धूत व्हता.

गेल्या आठवड्यात माझ्याच ग्रुपवर ते स्टिकर आलं. एका पोराच्या बापानं सकाळी सकाळी टाकलं. भोळा माणूस, कुठनं तरी फिरत फिरत त्याच्याकडं आलेलं. एवढी वर्षं माझी आई कुणाकुणाच्या फोनात हिंडली, देव जाणे.

मी आप्पाचा जुना फोन चार्जिंगला लावला. माझा तो गृहपाठाचा व्हिडिओ काढला आन् पुरा ग्रुपवर टाकला. माझं बोलणं संपल्यावर बी तो चालूच राहिलाय. आई कोकरू ओढून काढती, त्याच्या नाकात फुंकर मारती, पाय चोळती. ते कसंबसं उभं ऱ्हातं. हे तवा वर्गात कुणाला दिसलंच न्हाय. सरांनी त्याच्या आधीच थांबवला व्हता.

खाली लिहिलं, ही माझी आई हाय.

मग तोच व्हिडिओ सरांना पाठवला. नंबर अजून तोच हाय त्यांचा. बघितल्याच्या निळ्या खुणा आल्या.

इथनं पुढं माझ्या दर नव्या वर्गाचा पहिला धडा हाच. सरांचं नाव घेऊन, शाळेचं नाव घेऊन शिकवणार. ज्याला राग येईल त्यानं यावं, माझा हात अजून तेवढाच जड हाय. माफी मी तवा मागितली न्हाय. आता ती त्यांनी मागायची. कॅमेऱ्याम्होरं उभं राहून, माझ्या आईला कळंल अशा बोलीत.

आन् मी देणार न्हाय.